गावच्या रंगमंचासाठी आजच्या लेखकाची एकांकिका कशी निवडावी

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की कोकणातल्या वाड्यावाड्यांतून एक प्रश्न फिरतो: यंदा गणपतीत काय करायचं? कॉलेजची मुलं जूनमध्ये युवा महोत्सवासाठी हाच प्रश्न घेऊन येतात. उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. मागच्या पिढीने केलेल्या नाटकाचं पिवळं पडलेलं पुस्तक बाहेर निघतं, नाहीतर यूट्यूबवर पाहिलेली एखादी बक्षीस मिळवलेली एकांकिका ऐकून ऐकून वहीत उतरवली जाते.

ज्यांनी अजून एकही संहिता स्वतः निवडलेली नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. माझा आग्रह एकच आहे. आज लिहिणाऱ्या माणसाची एकांकिका घ्या, कारण त्याला फोन करता येतो. आमच्याकडे पाचच जण आहेत, एक पात्र कमी केलं तर चालेल का, हे त्याला विचारता येतं. आमच्या बोलीत बोललो तर चालेल का, शेवट नीटसा कळला नाही, तुमच्या मनात काय होतं, हेही विचारता येतं. नव्या मंडळाला याहून मोठा आधार मी तरी पाहिलेला नाही, आणि तो जवळजवळ कुणीच घेत नाही.

आधी रंगमंच पाहा

संहिता उघडण्याच्या आधी जिथे प्रयोग होणार आहे तिथे संध्याकाळी सातनंतर जाऊन उभे राहा. रत्नागिरीचं सावरकर नाट्यगृह किंवा मालवणचं मामा वरेरकर नाट्यगृह मिळणार असेल, तर बंद सभागृह, विंगा आणि प्रकाशयोजना गृहीत धरता येईल. पण नव्या मंडळाचा पहिला प्रयोग बहुधा देवळासमोरच्या मंडपात, शाळेच्या पटांगणात किंवा वाडीच्या सिमेंटच्या रंगमंचावर होतो. तिथलं गणित वेगळं.

उघड्यावर ब्लॅकआउट होत नाही. मंडपाच्या ट्यूबलाइट, शेजारच्या घराचा दिवा, चहाच्या टपरीचा बल्ब, काही ना काही पेटलेलं राहतंच. ज्या एकांकिकेत दर तीन मिनिटांनी अंधार होऊन स्थळ बदलतं, ती इथे कोलमडते. अंधारात व्हायचे ते बदल प्रेक्षकांना दिसतात, मुलं हसतात आणि ताण तुटतो. म्हणून पहिल्या वर्षी एका जागी, एका सलग वेळेत घडणारी गोष्ट घ्या. नाहीतर नटच प्रेक्षकांसमोर बाकडी हलवून जागा बदलतात, अशा रचनेची घ्या.

दुसरी गोष्ट आवाजाची. समुद्राकडून वारा सुटलेला असतो, जनरेटर चालू असतो, वरच्या वाडीत आरती चालू असते. शांततेवर उभ्या असलेल्या, कुजबुजीत बोलल्या जाणाऱ्या एकांकिका सुंदर असतात, पण त्यांना बंद सभागृह लागतं. फळ्यांच्या रंगमंचावर खाली ठेवलेला माइक संवादांपेक्षा पावलांचा आवाज जास्त पकडतो, हेही ध्यानात असू द्या. संहितेत धावपळ फार असेल तर रंगमंचावर जाड सतरंजी लागेल.

नेपथ्याची मात्र चिंता करू नका, आणि हे मी अगदी ठासून सांगतो. दक्षिण कोकणातला प्रेक्षक दशावतार पाहत वाढलेला आहे. एक बाकडं, मागे पडदा, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज एवढ्यावर त्याने रात्र रात्र राजवाडे, अरण्यं आणि युद्धं पाहिलेली आहेत. तेच बाकडं सिंहासन होतं, तेच पलंग होतं. उत्तरेकडे रत्नागिरीच्या गावांत नमन-खेळे पाहणाऱ्यांचंही तसंच. रिकाम्या रंगमंचावर घडणारी आजची एकांकिका शहरातल्या काही प्रेक्षकांना प्रायोगिक वाटत असेल, आपल्या माणसांना ती ओळखीची वाटते. त्यामुळे 'हे गावात कळणार नाही' असं म्हणून चांगली संहिता बाजूला ठेवू नका.

मग माणसं मोजा, आणि त्यांचे महिने

कोण किती चांगला नट आहे हे नंतर. कोण कधी मोकळा आहे हे आधी.

जून-जुलैत भातलावणी असते, शेतीतला माणूस संध्याकाळी तालमीला आला तरी उभ्या उभ्या पेंगतो. याच दोन महिन्यांत, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे बंदरावरची मुलं मोकळी असतात. नारळी पौर्णिमा झाली की ती समुद्रावर. गणपती त्यानंतर थोड्याच दिवसांत. म्हणजे मासेमारी करणाऱ्या मुलांची पाठांतरं जुलैअखेर पक्की हवीत, आणि शेतीतल्या माणसांची लावणी आटोपल्यावर सुरू व्हायला हवीत. चाकरमानी तर चतुर्थीच्या एक-दोन दिवस आधी गाडीतून उतरणार.

याचा निवडीशी थेट संबंध आहे. ज्या एकांकिकेत सगळी पात्रं सगळा वेळ रंगमंचावर असतात, ती अशा मंडळाला झेपत नाही. दोन-तीन पात्रांचे प्रवेश एकमेकांपासून सुटे करता येतील अशी संहिता शोधा. एक तुकडी दादर-परळला कुणाच्या तरी खोलीत रविवारी तालीम करेल, दुसरी गावात करेल, आणि शेवटच्या दोन रात्री सांधा जुळेल. व्हिडिओ कॉलवर वाचन होऊ शकतं, हालचाली बसवता येत नाहीत.

बायकांच्या भूमिकांबद्दल दोन शब्द. बारावीनंतर गावातल्या बऱ्याच मुली शिकायला, नोकरीला बाहेर पडतात, म्हणून मंडळं 'स्त्री पात्र नसलेली एकांकिका सांगा' असं सर्रास मागतात. पण गावात पन्नाशीच्या, साठीच्या बायका आहेत. त्या भजनात, फुगडीत, बचत गटाच्या सभेत बेधडक उभ्या राहतात. त्यांना कुणी विचारतच नाही. आजच्या लेखकांनी मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या बायकांसाठी फार चांगल्या भूमिका लिहिल्या आहेत. आधी त्यांच्याकडे जा, आणि त्यांनी नकार दिला तरच पुरुषांची एकांकिका शोधायला लागा.

संहिता कुठे शोधायची

छापील संग्रहांपासून सुरुवात करा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर आणि चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हीही जुनी, भरलेली वाचनालयं. तिथे नाटकांचं कपाट वेगळं असतं आणि त्याला फार कमी हात लागतात. मौज, पॉप्युलर, नीलकंठ या प्रकाशनांची नाटकं आणि एकांकिकासंग्रह तिथे मिळू शकतात.

पण आजच्या एकांकिकांचा मोठा भाग छापलेलाच नसतो. तो स्पर्धांसाठी लिहिला जातो, स्पर्धांत गाजतो आणि लेखकाच्या लॅपटॉपमध्ये राहतो. म्हणून संहिता शोधणं म्हणजे स्पर्धा पाहणं. कणकवलीला वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठानची नाथ पै एकांकिका स्पर्धा होते. 'लोकसत्ता'च्या लोकांकिका स्पर्धेची रत्नागिरीला विभागीय फेरी होत आली आहे. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवाच्या फेऱ्या आपल्याच जिल्ह्यांतल्या कॉलेजांत होतात. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानच्या सवाई एकांकिका २५ जानेवारीच्या रात्री होतात, आणि तिथे इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकाच उतरतात, त्यामुळे एका रात्रीत वर्षाचं सार पाहायला मिळतं. मुंबईत राहणाऱ्या तुमच्या चाकरमान्यांपैकी दोघांना त्या रात्री तिकडे पाठवा.

पाहताना वही जवळ ठेवा. एकांकिकेचं नाव, लेखकाचं नाव, किती पात्रं, किती वेळ, रंगमंचावर काय काय होतं, आणि तुम्हाला आठवणारं एक वाक्य. बक्षीस कुणाला मिळालं ते लिहिलं नाही तरी चालेल. स्पर्धेत जिंकणारी एकांकिका पुष्कळदा प्रकाशयोजना आणि समूहाच्या कवायतीवर जिंकते. ते तुमच्याकडे नसेल तर हाती राहते ती संहिता, आणि ती एकटी किती उभी राहते हे तुम्हाला बघायचं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची, दोन माणसांची साधी एकांकिका गावासाठी अनेकदा जास्त मोलाची निघते.

लेखकाचा संपर्क आयोजकांकडे असतो. मागितला की ते बहुधा लेखकाला विचारून देतात.

कुणाला काय सुचवावं

इथे थोडा वेळ थांबतो, कारण नवख्यांना खरी अडचण इथेच येते. 'एखादी चांगली एकांकिका सांगा' याला उत्तर नाही. 'आम्ही चार मुलगे, दोन मावश्या, उघडा रंगमंच, पाऊण तास, प्रेक्षकांत लहान मुलं' असं सांगितलं की उत्तर सुरू होतं. पुढची नावं मी तशीच, कुणासाठी योग्य हे धरून देतो. यांतले सगळे लेखक एका वयाचे नाहीत. काहींनी पन्नास वर्षांपूर्वी लिहायला सुरुवात केली, काहीजण आता हयात नाहीत. पण यांतली जी नाटकं आहेत ती आजच्या माणसांशी बोलतात.

दोन समर्थ बायका असतील आणि दोघींना सूर असेल, तर प्राजक्त देशमुख यांची 'देवबाभळी' वाचा. तुकोबांची भाकरी घेऊन डोंगर चढणाऱ्या आवलीच्या पायात काटा रुततो, विठ्ठल तो काढतो, आणि तिची देखभाल करायला रखुमाई 'लखुबाई' होऊन तिच्या घरी राहते. दोन बायका, एक संसार, एक देव आणि दोघींची त्याच्याविषयीची तक्रार. ही आधी एकांकिका होती. पुढे २०१७ मध्ये 'संगीत देवबाभळी' म्हणून भद्रकाली प्रॉडक्शनने ती पूर्ण नाटकाच्या रूपात आणली. मालवणी नाटकांचे नट-निर्माते मच्छिंद्र कांबळी यांची ही संस्था, त्यामुळे आपल्या भागाला तिचं वेगळं अप्रूप आहे. लक्षात ठेवा: पूर्ण नाटक पाहून त्यातले तुकडे उचलायचे नाहीत. एकांकिकेचं रूप आणि परवानगी दोन्ही लेखकाकडे मागायची. ज्या गावात भजनाची परंपरा जिवंत आहे तिथे ही निवड सोन्यासारखी आहे, आणि जिथे गाणारं कुणी नाही तिथे तिच्या वाटेला जाऊ नये.

माणसं मोजकी, नेपथ्य जवळजवळ शून्य आणि सांगायचं आहे ते तातडीचं, असं हवं असेल तर प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी'. जात आणि पाणी यांच्यावरची ही एकांकिका अनेक भाषांत गेली आहे. गज्वी २०१९ च्या नागपूरच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते. मार्च-एप्रिलमध्ये विहिरी आटतात आणि टँकरची वाट पाहिली जाते, अशा वाड्यांत हा विषय केवळ इतिहासाचा राहत नाही. ती निवडण्याआधी मंडळात मोकळेपणाने बोला. गावात पाणवठ्यांचा जुना इतिहास काय आहे हे म्हाताऱ्यांना विचारा. बोलायची तयारी नसेल तर एकांकिका नुसती पाठ म्हटली जाते आणि तिचा अपमान होतो.

कॉलेजच्या मुलांचा मोठा गट असेल तर महेश एलकुंचवार यांची 'होळी'. वसतिगृहातली मुलं, होळीची नाकारलेली सुट्टी, त्यातून उसळणारा दंगा, नावं फोडणाऱ्या आपल्यातल्याच एका मुलाची विटंबना आणि त्याचा मृत्यू. केतन मेहता यांनी १९८४ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. मुलांना ही पटकन आवडते, कारण पहिला अर्धा भाग त्यांच्याच खोलीतला वाटतो. दिग्दर्शकाने मात्र दुसऱ्या अर्ध्या भागापासून विचार करावा. छळाचा प्रसंग दाखवताना ज्या मुलावर तो घडतो त्या नटाची रोज विचारपूस करा, आणि शेवट हास्यास्पद होऊ नये म्हणून तो सगळ्यांत आधी बसवा. शिमग्याच्या आसपासच्या प्रयोगात हिचा अर्थ आपल्याकडे फार वेगळा चमकतो. गणपतीच्या मंडपात, लहान मुलांसमोर ती घेऊ नये.

एकच ताकदीची अभिनेत्री असेल, तर चेतन दातार यांचं 'एक माधवबाग'. मुलगा समलिंगी आहे हे कळलेली एक आई बोलते आहे, एवढंच. यात ठणकावून सांगणं नाही, एका आईचा प्रवास आहे. पाठांतर जमणार नसेल तर अभिवाचन करा, त्यातही हे उत्तम पोहोचतं. वाचनालयाच्या सभागृहात तीस-चाळीस माणसांसमोर, चर्चेला वेळ ठेवून केलं तर अधिक चांगलं. दातार २००८ मध्ये गेले, त्यामुळे परवानगी वारसांकडून घ्यायची.

दोन पात्रांचं काम शिकायचं असेल तर राजीव नाईक यांचं 'साठेचं काय करायचं?' मंडळात वाचायला घ्या. नवरा-बायको दोघंच, आणि ज्याच्या मत्सराने नवरा पोखरला गेला आहे तो साठे रंगमंचावर कधीच येत नाही. हे एकांकिकेपेक्षा मोठं आहे, प्रयोगासाठी सुचवत नाही. पण रोजच्या बोलण्यात नाट्य कसं असतं हे शिकायला याच्यासारखा धडा नाही. याच कारणासाठी दिवाकरांच्या नाट्यछटाही जवळ ठेवा. त्या शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत, पण एका माणसाच्या बोलण्यातून समोरचा न दिसणारा माणूस उभा करण्याचा सराव त्यांत आहे. तालमीच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एकेक द्या.

लहान मुलांसाठी रत्नाकर मतकरी. 'अलबत्या गलबत्या', 'निम्मा शिम्मा राक्षस' ही मोठी नाटकं सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यांनी छोटंही भरपूर लिहिलं. २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या शेवटच्या वर्षांतलं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं: ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' या नावाने वस्त्यांमधल्या मुलांनी स्वतःच्या जगण्यावर छोट्या नाटिका रचून केल्या. तुमच्या शाळेच्या मुलांना हे जमेल. बंदरावरचा लिलाव, एसटीची वाट पाहणारी मुलं, मुंबईला गेलेला बाप. दहा मिनिटांची नाटिका त्यांना स्वतःला रचू द्या.

गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'बद्दल मला दरवर्षी विचारतात. राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या या लेखकाने मालवणीला रंगभूमीवर जी जागा मिळवून दिली तिचं ऋण आहेच. पण ते पूर्ण लांबीचं नाटक आहे, आणि त्याची कात्री लावलेली चाळीस मिनिटांची आवृत्ती नवख्या मंडळाने करू नये. हशे मिळतात, नाटक मिळत नाही.

मोठ्याने वाचा, घड्याळ लावून

तीन संहिता हाताशी आल्या की मे महिन्यात, सगळे गावी असताना, तीन रात्री तीन वाचनं ठेवा. पहिल्यांदा एकानेच सगळी एकांकिका वाचावी, अभिनय न करता, रंगसूचनांसकट. भूमिका आधीच वाटल्या की प्रत्येकजण फक्त आपली वाक्यं मोजतो.

वाचन संपलं की लगेच 'आवडली का?' विचारू नका. प्रत्येकाने गोष्ट दोन वाक्यांत सांगावी. सगळ्यांनी वेगळी गोष्ट सांगितली तर संहिता धूसर आहे किंवा वाचन घाईचं झालं. मग विचारा, कुठे लक्ष उडालं? दोन-तीन जणांनी तीच जागा सांगितली तर खूण करून ठेवा, हाच प्रश्न लेखकाला विचारायचा आहे. आणि शेवटी, कुणाचं वागणं चूक होतं? यावर वाद झाला, दोन तट पडले, चहा गार झाला, तर ती एकांकिका घ्या. सगळ्यांनी एकमताने 'छान आहे' म्हटलं तर अजून शोधा.

वेळ घड्याळानेच मोजा. पानांवरून अंदाज चुकतो. बसून केलेल्या वाचनाला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा प्रयोगाला साधारण चौथा हिस्सा जास्त लागतो असं धरून चाला, हालचाली आणि हशा यांत तो जातो. युवा महोत्सवात एकांकिकेला ३० मिनिटं असतात, इतर स्पर्धांत पाऊण तास ते तासभर. वेळ ओलांडली तर गुण जातात किंवा प्रयोगच बाद होतो, म्हणून स्पर्धेचं माहितीपत्रक आधी वाचा. गावात मर्यादा नाही असं वाटतं, पण आहे: साडेदहानंतर लहान मुलं झोपतात आणि त्यांना घेऊन आया उठतात.

परवानगी

यात कुणी सूट घेऊ नये. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. चिपळूणचे मामा वरेरकर १९६४ मध्ये गेले, त्यांची नाटकं २०२५ पासून सर्वांना मोकळी आहेत. चिं. त्र्यं. खानोलकर १९७६ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०३६ संपेपर्यंत वारसांना विचारावं लागेल. भाषांतर असेल तर मूळ लेखक आणि भाषांतरकार, दोघांना. हौशी मंडळाच्या विनातिकीट प्रयोगाला कायद्यात थोडी मोकळीक आहे, पण तिकीट लावलं किंवा चित्रीकरण यूट्यूबवर टाकलं की ती उरत नाही. आणि संहितेत बदल करायची मुभा त्या मोकळिकीतून मिळत नाही. त्यापेक्षा सरळ विचारावं.

पहिला निरोप लहान आणि पूर्ण असावा. असा:

'नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातल्या अमुक गावच्या मंडळाचे कलाकार. आपली अमुक एकांकिका आम्ही वाचली. गणेशोत्सवात अमुक तारखेला गावच्या रंगमंचावर तिचा एक प्रयोग करायची इच्छा आहे. तिकीट नाही, साधारण तीनशे प्रेक्षक असतील. आमच्याकडे पाच कलाकार आहेत. आपली परवानगी आणि मानधन कळवावं. सोयीच्या वेळी फोन करू का?'

मानधनाचा विषय तुम्हीच काढा. लेखक संकोचाने बोलत नाहीत, आणि मंडपवाल्याला, साऊंडवाल्याला मोजून पैसे देणारी मंडळं लेखकाला शाल-श्रीफळ देऊन मोकळी होतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. अंदाजपत्रकात लेखकाच्या मानधनाची ओळ सगळ्यांत वर लिहा, रक्कम लहान असली तरी. काहीजण गावच्या विनातिकीट प्रयोगाला काही घेत नाहीत, ते त्यांनी ठरवावं. परवानगी लेखी घ्या: किती प्रयोग, कुठे, कोणत्या बदलांसह. स्पर्धेला तेच पत्र लागतं.

त्याच फोनवर विचारून घ्या की संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का. बोलीभाषेत आपण त्याला सेन्सॉर म्हणतो. आधी प्रयोग झालेल्या एकांकिकेला ते बहुधा असतं आणि त्याची प्रत मिळते. नसेल तर संहिता त्या परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, त्याला वेळ लागतो, म्हणून जूनमध्येच हे उरकून टाका.

बोलीत करायचं असेल तर

पुण्या-मुंबईच्या घरात घडणारी एकांकिका मालवणीत, संगमेश्वरीत किंवा आगरीत करावीशी वाटणं स्वाभाविक आहे, आणि लेखकाने होकार दिला तर जरूर करा. पद्धत अशी: ओळ न् ओळ बदलत बसू नका. नटाला प्रसंग सांगा, आणि हे तू घरी कसं म्हणशील ते म्हणून दाखव, असं सांगा. जे येईल ते लिहून घ्या. वाक्यं आखूड होतील, क्रम बदलेल, शिव्याही येतील. मग मूळ संहिता शेजारी ठेवून तपासा की अर्थ, माहिती आणि ताण तिन्ही शाबूत आहेत का. तयार झालेली आवृत्ती लेखकाला पाठवा.

एक कळकळीची विनंती. बोली फक्त हशासाठी वापरू नका. शहरी पात्रं प्रमाण मराठीत गंभीर बोलतात आणि नोकर, म्हातारा किंवा दारुडा तेवढा मालवणीत बोलून हसवतो, ही वाटणी आपण आपल्या हातांनी करू नये. आपल्या आजीने दुःख मालवणीतच केलेलं आहे. मरणाचा, कर्जाचा, जमीन विकण्याचा प्रसंग बोलीत करून पाहा, प्रेक्षक किती स्तब्ध होतात ते दिसेल.

प्रयोग झाल्यावर

दुसऱ्या दिवशी लेखकाला फोन करा. कुठे हसले, कुठे शांत झाले, कुठल्या वाक्याला म्हातारी माणसं 'खरा हा' म्हणाली, ते सांगा. मुंबईत बसून लिहिणाऱ्याला वेंगुर्ल्याचा प्रेक्षक कसा ऐकतो हे कळायला दुसरा मार्ग नसतो. मानधन राहिलं असेल तर त्याच दिवशी पाठवा, दोन छायाचित्रांसह.

शेजारच्या गावचं मंडळ संहिता मागायला येईल. पीडीएफ पुढे ढकलू नका. लेखकाला विचारून त्याचा नंबर द्या, आणि सोबत तुमची वही वाचायला द्या: पात्रं किती लागली, कुठला प्रवेश बसायला जड गेला, वेळ किती झाला, खर्च किती आला, वाऱ्याने काय काय उडालं. पुढच्या मे महिन्यात ते मंडळ तुम्हाला एखादं नाव सुचवेल.